बाहेर जाणाऱ्याला कोण अडवणार?

विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर झोनअलार्म टाकलं होतं, त्यांना एक चौकट अजून आठवत असेल. ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस’ला इंटरनेटवर जायचं आहे, जाऊ द्यायचं का? खाली दोन बटणं. हे जेनेरिक महाशय कोण, निघालेत कुठे, काम काय, कशाचाच पत्ता नाही. ‘नाही’ म्हणावं तर इंटरनेटच ठप्प, कारण त्या एका नावाआड विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच सेवा चालायच्या आणि वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी सेवाही त्यातलीच एक. ‘हो’ म्हणावं तर त्याच नावाआडून आणखी कोणी सटकलं तरी कळायचं नाही. थोड्याच दिवसांत बहुतेक घरांचं धोरण ठरून जायचं: विचारेल त्याला ‘हो’.

ही झाली बाहेर जाणाऱ्या रहदारीवरची फायरवॉल. बाहेरून आत घुसू पाहणाऱ्याला अडवणारी फायरवॉल आता विंडोजमध्येही असते आणि राउटरमध्येही, तिच्या गरजेबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो उलट्या दिशेचा. आपल्याच कॉम्प्युटरमधला एखादा प्रोग्राम गुपचूप बाहेर काही पाठवत असेल, तर त्याला रोखणारं वेगळं सॉफ्टवेअर घरच्या माणसाने घ्यावं का? अँटिव्हायरसच्या महागड्या पॅकवर ‘दोन्ही बाजूंनी संरक्षण’ असं छापलेलं असतं आणि एकीपेक्षा दोन बाजू बऱ्या, असं कोणालाही वाटणारच. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांना ती लागत नाही. ज्या चोराच्या भीतीने ती घेतली जाते तो तिला सहज चुकवतो, आणि ती ज्यांना पकडते ते बहुधा चोर नसतात.

ती मुळात निघाली कशासाठी, हे पाहिलं की असं का ते कळतं. १९९९ साली रिचर्ड स्मिथ या अमेरिकी सुरक्षा-तज्ज्ञाच्या लक्षात आलं, की रिअलजुकबॉक्स हे गाणी वाजवायचं लोकप्रिय सॉफ्टवेअर प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक देतं आणि तो काय ऐकतो याची खबर कंपनीला पोचवतं. बोभाटा झाला, कंपनीला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रामरने फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येणाऱ्या जाहिरातबाज प्रोग्रामांविरुद्ध मोहीम उघडली. झोनअलार्मचा बोलबाला झाला तो याच वातावरणात. गिब्सनने मग फायरवॉलची परीक्षा घेणारा ‘लीकटेस्ट’ नावाचा इवलासा प्रोग्रामही फुकट वाटला. त्याला आधीच परवानगी असलेल्या एखाद्या प्रोग्रामचं नाव द्यायचं आणि फायरवॉल फसते का ते बघायचं. नुसतं नाव बघून सोडणाऱ्या फायरवॉल अर्थातच फसल्या.

रिअलजुकबॉक्स लपत नव्हतं, ही इथली मेख आहे. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फाइलमधून, उजळ माथ्याने बाहेर जायचं. अशा सभ्य हेराला थांबवायला ‘अमुक प्रोग्राम बाहेर जातोय’ एवढी सूचना पुरेशी होती. पुढे याच हत्याराकडून व्हायरस आणि दरोडेखोर पकडण्याची अपेक्षा होऊ लागली, आणि तिथे गाडी रुळावरून घसरली.

त्या काळी घरच्या कॉम्प्युटरवरचं खरं संकट बाहेरून आत येत होतं. ऑगस्ट २००३मध्ये आलेल्या ब्लास्टर या किड्याला कोणी काही क्लिक करण्याची वाट बघावी लागत नव्हती. विंडोजमधली एक फट उघडी असली आणि मशीन इंटरनेटला जोडलेलं असलं की पुरे. पडद्यावर ‘६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल’ असा उलटा आकडा सुरू व्हायचा. फट बुजवणारं अपडेट जुलैतच निघालं होतं, पण डायल-अपवर ते उतरवत कोण बसणार? एक्सपीमध्ये २००१पासून आत येणाऱ्यांना अडवणारी फायरवॉल होती, मात्र ती बंद ठेवून दिलेली होती. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने ती सुरू केली आणि घरोघरच्या सुरक्षेत एका फटक्यात जेवढा फरक पडला, तेवढा पुढे क्वचितच पडला असेल. शिवाय ब्रॉडबँडबरोबर राउटर आले. घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे झाकणारा राउटर न बोलावलेल्या पाहुण्याला आपसूकच परत पाठवतो. (आयपीव्ही६मध्ये हे झाकण नसतं. तिथे राउटरमधली फायरवॉल चालू आहे ना, हे एकदा बघून ठेवावं.)

विंडोजच्या फायरवॉलला बाहेर जाणाऱ्यांना अडवता येऊ लागलं ते व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून. पण मायक्रोसॉफ्टने ती मूळ स्थितीत ‘बाहेर जाणाऱ्या सगळ्यांना मोकळीक’ अशीच ठेवली आणि विंडोज ११मध्येही ती तशीच आहे. एखादा नवा गेम किंवा व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की विंडोज सांगतं, ‘फायरवॉलने या अ‍ॅपची काही फीचर्स अडवली आहेत.’ पुष्कळांची समजूत असते की इथे ‘परवानगी’ दाबली नाही तर अ‍ॅपला इंटरनेट मिळणार नाही. वास्तविक ही चौकट आत येण्याबद्दल असते: बाहेरच्या कोणी आपणहून या अ‍ॅपशी संपर्क साधायचा की नाही, एवढंच ती विचारते. ‘कॅन्सल’ दाबा, अ‍ॅप बाहेर जातच राहील.

मायक्रोसॉफ्टने मोकळीक का ठेवली असावी? आळस म्हणून नक्कीच नाही. त्यांचा सुरक्षेचा पहिला नियमच असा, की वाईट माणसाने त्याचा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याकडून चालवून घेतला, तर तो कॉम्प्युटर तुमचा उरला नाही. बाहेर जाणाऱ्यावर पहारा ठेवणारी फायरवॉल त्याच कॉम्प्युटरवर चालते. घुसलेल्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले, आणि घरच्या कॉम्प्युटरवर आपण सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच वावरत असतो, तर तो फायरवॉल बंद करू शकतो किंवा एका ओळीच्या आज्ञेने स्वतःच्या नावाची परवानगी तिच्यात लिहून टाकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

हक्क नसले तरी वाटा आहेतच. २००१मध्येच काही छोट्या चाचणी-प्रोग्रामांनी त्यातली एक दाखवून दिली. ते स्वतः बाहेर जायचेच नाहीत. पडद्यामागे इंटरनेट एक्सप्लोररची अदृश्य खिडकी उघडायचे आणि पाठवायची माहिती वेबपत्त्याच्या शेपटीला जोडून द्यायचे. फायरवॉलला दिसायचा तो ब्राउझर, ज्याला परवानगी असणारच. विंडोजमध्ये अपडेट उतरवण्यासाठी ‘बिट्स’ नावाची पार्श्वभूमीवर काम करणारी सेवा असते. फाइल आणायचं काम तिच्यावर सोपवलं की बाहेर जाते ती विंडोज, व्हायरस नव्हे. चालू असलेल्या भल्या प्रोग्रामच्या स्मृतीत आपला कोड टोचून त्याच्या नावाने बोलणं हा तर जुनाच प्रकार. फायरवॉल बनवणारे एकेक वाट बुजवत गेले, तसतशी त्यांची सॉफ्टवेअर जड झाली आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक हालचालीवर प्रश्न विचारू लागली.

आणि प्रश्न विचारायचे कोणाला, तर ज्याला उत्तर माहीत नाही त्याला. आज घरातली जवळपास सगळी रहदारी ४४३ या एकाच पोर्टवरून, कुलूपबंद होऊन जाते. एका आयपी पत्त्यावर बँक, बातम्या आणि भामटा असे तिघेही नांदत असू शकतात, कारण तिघांनीही क्लाउडफ्लेअरसारख्या एकाच कंपनीची सेवा घेतलेली असते. अमुक फाइल अमुक पत्त्यावर ४४३मधून चालली आहे, हे वाचून मुरलेला तंत्रज्ञसुद्धा खांदे उडवेल. रोज मरे त्याला कोण रडे, या न्यायाने विसाव्या चौकटीला बोट आपोआप ‘हो’वर जातं, आणि खरी चौकट एकविसावी असते.

चुकून ‘नाही’ म्हटलं तर काय होतं, याचा नमुना जुलै २००८मध्ये मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाला. डॅन कमिन्स्की या सुरक्षा-तज्ज्ञाने डीएनएसमधला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतला, एक गंभीर दोष शोधला होता आणि सगळ्या कंपन्यांनी मिळून ८ जुलैला एकदम दुरुस्ती सोडली. विंडोजने ती उतरवून घेतली आणि झोनअलार्म असलेल्या असंख्य घरांचं इंटरनेट बंद पडलं. दुरुस्तीनंतर विंडोजची पत्ते विचारण्याची पद्धत बदलली होती, आणि फायरवॉलला ती ओळखीची वाटेना. मग सुटका कशी? कोणी सुरक्षेची पातळी खाली आणली, कोणी ते महत्त्वाचं अपडेटच काढून टाकलं.

म्हणजे बाहेरच्या दिशेची अडवणूक मुळातच निरुपयोगी आहे का? तसं नाही. डिसेंबर २०२०मध्ये सोलरविंड्स प्रकरण उघडकीस आलं. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्येच हेरगिरीचा कोड मिसळलेला होता आणि सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोचला होता. पुढच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सिनेटर रॉन वायडन यांना दिलेल्या उत्तरात मान्य केलं, की ओरायनच्या सर्व्हरला बाहेर जाण्याची बंदी असती तर तो कोड निष्प्रभ ठरला असता. काही ठिकाणी तशी बंदी होती आणि ती ठिकाणं वाचलीही. पण इथली परिस्थिती नीट पाहा. ओरायनच्या सर्व्हरला जगाशी बोलायचं कारणच नव्हतं, त्यामुळे काय अडवायचं ते आधी ठाऊक होतं. अडवणारी फायरवॉल त्या सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या यंत्रावर होती. आणि कोणालाही चौकट दाखवून काही विचारलं जात नव्हतं.

घरांच्या बाबतीतही या अटी जिथे पाळल्या गेल्या, तिथे बंदी लागू पडली आहे, फक्त आपल्याला ते कळलेलं नाही. व्हायरस लागलेल्या घरगुती कॉम्प्युटरमधून बेसुमार टपाल सुटायला लागलं, तेव्हा बऱ्याच इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवरून २५ नंबरच्या पोर्टने बाहेर जायची वाटच बंद करून टाकली. टपाल-सर्व्हर एकमेकांशी त्या पोर्टवरून बोलतात. घरच्या माणसाला तिथे काम नसतं, म्हणून फारशी तक्रारही आली नाही.

घरातल्या फायरवॉलच्या बाजूने एक मजेदार पुरावा मात्र आहे, तो दडवणं बरं नाही. २०१२मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घुसखोराने ६ लाखांहून जास्त मॅक धरले. मॅक म्हणजे व्हायरसमुक्त, या समजुतीला तेव्हा चांगलाच तडा गेला. हा फ्लॅशबॅक आत शिरल्याबरोबर काही ठरावीक सॉफ्टवेअर आहेत का ते शोधायचा. त्यात लिटल स्निच होतं. ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कंपनीची ही फायरवॉल, बाहेर जाणाऱ्यावरच नजर ठेवणारी. ती दिसली की फ्लॅशबॅक काहीही न करता स्वतःला पुसून निघून जायचा. म्हणजे ती घेणाऱ्यांचे पैसे वसूल झाले म्हणायचे. पण चोर पळाला तो अडवला गेल्यामुळे नव्हे. अशी फायरवॉल लावणारा माणूस चौकस असतो, त्याच्या घरात राहिलो तर बोभाटा होईल, हे त्याला कळलं म्हणून. सगळ्यांनीच ती लावली असती, तर चोराने तिला चुकवायचं शिकून घेतलं असतं.

आजचा चोर तर मुक्कामही करत नाही. लुमासारखे माहिती उचलणारे प्रोग्राम येतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इन झाल्याच्या खुणा गोळा करतात, पाठवतात, काम संपवतात. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमाविरुद्ध कारवाई केली, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटर त्याने धरल्याचं सांगितलं. अलीकडे त्याला आत आणायचं काम आपल्याकडूनच करवून घेतलं जातं. एखादं वेबपान म्हणतं, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’, आणि विंडोजचं बटण व आर दाबायला, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. पेस्ट होते ती विंडोजमधल्याच पॉवरशेल किंवा एमएसएचटीए या प्रोग्रामला दिलेली आज्ञा: अमुक ठिकाणाहून फाइल आण आणि चालव.

इथे मात्र विंडोजची फुकटची फायरवॉल कामी येते, तीसुद्धा एकही चौकट न दाखवता. एमएसएचटीए हा जुन्या काळचा अवशेष आहे, घरच्या वापरात त्याने इंटरनेटवर जायचं काही कारण उरलेलं नाही. डब्ल्यूस्क्रिप्ट आणि सीस्क्रिप्ट या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामांचंही तेच. स्टार्टमध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी’ शोधा. डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’, उजवीकडे ‘न्यू रूल’, प्रकार ‘प्रोग्राम’, मग फाइलचा मार्ग, मग ‘ब्लॉक द कनेक्शन’. यातली प्रत्येक फाइल दोन जागी असते, विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये आणि ‘सिसवॉव६४’मध्ये, म्हणून नियमही दोन करावे लागतात. पॉवरशेलवरही असाच नियम चालतो, पण घरात कोणी प्रोग्रामिंग शिकत असेल तर त्याला आधी विचारा, नाहीतर बिचारा संध्याकाळभर डोकं आपटत बसेल. हे नियम फाइलच्या मार्गावर बांधलेले असतात. त्यामुळे फाइलची नक्कल दुसरीकडे नेऊन चालवणाऱ्याला ते थांबवणार नाहीत. तरी घाऊक भावात टाकलेली जाळी बरीचशी यावर अडकतात. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं ठेवलं तर हे नियम कोणी सहज पुसूही शकत नाही.

आता आपल्याकडचा व्यवहार बघू. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इंटरनेट म्हणजे फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून, नाहीतर आरटीओचं चलान म्हणून एपीके फाइल येते. उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी तिकडे पोचू लागतात. अँड्रॉइड कॅमेऱ्यासाठी विचारतो, माइकसाठी विचारतो, जागेच्या माहितीसाठी विचारतो, पण इंटरनेटसाठी कधीच विचारत नाही. अ‍ॅपने ती परवानगी नुसती नोंदवली की बसवतानाच मिळून जाते. नेटगार्डसारखी अ‍ॅप ही उणीव भरून काढतात. ती फोनमधल्या फोनमध्ये एक व्हीपीएन उभारतात आणि कोणत्या अ‍ॅपला नेट द्यायचं ते तुम्हाला ठरवू देतात. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालवतो, त्यामुळे ऑफिसचा व्हीपीएन असेल तर दोघांतलं एक निवडा. विजेरीच्या किंवा कॅल्क्युलेटरच्या अ‍ॅपचं नेट तोडायला हे उत्तम आहे, जाहिराती तरी थांबतात. पण पत्रिकेवर विश्वास ठेवून ज्याने एसएमएस वाचायची परवानगी दिली, तो नेट मागितल्यावर हात आखडेल, असं मला वाटत नाही.

शिवाय घरात अशी यंत्रं आहेत ज्यांच्यावर कुठलीच फायरवॉल बसवता येत नाही: कॅमेरे, टीव्ही, खुद्द राउटर. २०१६च्या मिराई या घुसखोर प्रोग्रामच्या प्रकरणात कारखान्यातून आलेले साठेक ठरीव नाव-पासवर्ड वापरून पाहत लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले गेले. २१ ऑक्टोबरला त्यांनी मिळून डीएनएस सेवा देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनासं झालं. मागाहून मिराई बनवल्याचा गुन्हा कबूल केला तो तीन तरुण पोरांनी, आणि मिराईचं मूळ निघालं माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरवाल्यांच्या भांडणात! त्या कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी कोणी डेस्कटॉपवर भारीतली फायरवॉल लावली असती, तरी तिला याचा वासही आला नसता.

अशा यंत्रांसाठी पहारा राउटरवर हवा. कॅमेरा आणि टीव्ही ‘गेस्ट’ वाय-फायवर टाकावेत, राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, यंत्रांना परस्पर बाहेरून आत यायची वाट उघडू देणारं ‘यूपीएनपी’ बंद करावं. आणि राउटरच्या डीएनएसच्या जागी क्वाड९चा ९.९.९.९ हा पत्ता घालावा. ही सेवा २०१७पासून फुकट चालते आणि घातक म्हणून नोंदलेल्या वेबसाइटचा पत्ता मागितला तर देतच नाही. फोनमध्ये अँड्रॉइड ९पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ या नावाने अशीच सोय आहे. टेलिग्रामवरून माल पाठवणारा चोर यातूनही निसटतो, कारण टेलिग्रामचा पत्ता कोण नाकारणार? पण घरभरच्या सगळ्या यंत्रांना एका जागेवरून लागू होणारा असा सोपा उपाय दुसरा नाही.

एवढं करूनही ज्यांना आपला कॉम्प्युटर कोणाकोणाशी बोलतो ते बघायची हौस आहे, त्यांनी जरूर बघावं. विंडोजवर सिंपलवॉल, मॅकवर लुलू, लिनक्सवर ओपनस्निच फुकट मिळतात. महिनाभर वापरलं की आपल्या पैशांनी घेतलेलं सॉफ्टवेअर दिवसातून किती वेळा घरी फोन करतं ते दिसतं, आणि त्याचा राग येणं साहजिक आहे. मॅकओएसच्या २०२०च्या बिग सर आवृत्तीत तर ॲपलने स्वतःच्या काही अ‍ॅपना अशा फायरवॉलच्या नजरेतून सूट देऊन ठेवली होती. ओरड झाली, तेव्हा ११.२ आवृत्तीत ती काढली.

आणि असं बघताना एखाद्या दिवशी खरंच अनोळखी प्रोग्राम बाहेर जाताना दिसला, तर ‘ब्लॉक’ दाबून निवांत राहू नका. तो दिसला याचा अर्थ तो आत आहे, आणि पहिली खेप बहुधा जाऊन पोचलेली आहे. वाय-फाय तोडा. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला, आणि ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट’ करा, कारण लॉग-इनची खूण चोरीला गेली असेल तर नुसत्या नव्या पासवर्डने भागेलच असं नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर सफाईची साधनं फुकट आहेत. पण बँकेचे व्यवहार करायच्या कॉम्प्युटरवर मी तरी विंडोज नव्याने टाकूनच मोकळा होईन. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर हे सगळं नंतर. आधी १९३०ला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.